तडा गेलेला तुकडा भंगारात देऊ नका : नागपूरच्या देखभाल प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
नागपूर परिसरातील वीजकेंद्रे, रेल्वेच्या कार्यशाळा, ओतशाळा, फोर्जिंगचे कारखाने आणि मिहानमधील विमान-दुरुस्ती केंद्रे यांचे देखभाल प्रमुख व गुणवत्ता प्रमुख

विषय : तडा गेलेले भाग लिलावात न काढता तपासणीच्या अभ्यासासाठी जपून ठेवण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे एखाद्या भागात तडा सापडतो, शटडाउनमध्ये तो भाग बदलला जातो आणि जुना स्क्रॅप यार्डात जाऊन पडतो. पुढे लिलावात टनाच्या भावाने विकला जातो आणि कुठल्यातरी भट्टीत वितळतो. तसे होऊ देऊ नका. तडा गेलेला भाग त्याच्या सगळ्या इतिहासासकट नागपुरात एका ठिकाणी जमा व्हावा आणि इथल्या तपासनिसांना, विद्यार्थ्यांना, संशोधकांना तो हाताळायला मिळावा.

मी नोकरीभर एनडीटीचे, म्हणजे भाग न तोडता तपासण्याचे काम केले. डाय पेनिट्रंट (डीपी, भेगेत मुरणारा रंग), मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोहकण), यूटी (अल्ट्रासाउंड), सगळे. आता बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत लागणाऱ्या मुलांना हेच शिकवतो. पत्र आज लिहिण्याचे कारण लेझर अल्ट्रासाउंड. पृष्ठभागावरच्या भेगा हात न लावता शोधणारे हे तंत्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून बराच काळ झाला. आज ना उद्या एखादा विक्रेता ते घेऊन तुमच्या केबिनमध्ये येईल. त्याच्या बॅगेत नमुना म्हणून यंत्राने कोरलेली खाच असलेली पट्टी असेल आणि त्या खाचेवर उपकरण सुंदर चालेल. तुमच्या टर्बाइनच्या केसिंगमधल्या भेगेवर ते कसे चालेल हे मात्र त्या पट्टीवरून कळणार नाही. त्यासाठी तुमच्याच यंत्रातून निघालेली भेग हातात असावी लागते.

आज आपण काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. भाग साफ केला, डीपीचा लाल रंग मारला, मुरू दिला, पुसला, डेव्हलपर फवारला की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. स्वस्त, साधी, विश्वासाची पद्धत आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण तिला मर्यादा आहेत. नेहमीच्या पेनिट्रंटसाठी एएसएमई या अमेरिकी यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियमावलीत पृष्ठभागाचे तापमान ५ ते ५२ अंश सेल्सियस असावे असे म्हटले आहे. नवतपात उघड्या यार्डात पडलेले पोलाद दुपारी त्याच्या वर जाते, हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको. शिवाय लाल रेघ भेग किती लांब आहे ते सांगते, किती खोल आहे ते सांगत नाही. घासून काढायची, वेल्डने भरायची की भाग टाकून द्यायचा, हा सगळा निर्णय मात्र खोलीवर ठरतो. भेगेच्या टोकाशी ताण तिच्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो आणि वाढीचा वेग त्याहून कितीतरी जोरात. एक मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर यांत म्हणूनच फार मोठा फरक आहे.

इंग्लंडमधल्या हॅटफील्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी रूळ फुटून गाडी घसरली आणि चार माणसे गेली. रुळाचे ३०० हून अधिक तुकडे झाले. रुळाच्या आतल्या कोपऱ्यावर, चाक घासते तिथे, थकव्याच्या भेगांची रांग होती. त्या आधी दिसल्या होत्या, बदली रूळही आणून ठेवलेला होता. भेग आहे हे कळले होते, पण ती किती पुढे गेली आहे याची निकड कोणाला जाणवली नाही. खोली मोजणारे साधन मला हवे वाटते ते यासाठी.

लेझरचे तंत्र थोडक्यात असे. काही नॅनोसेकंदांचा झोत धातूवर पडला की जेमतेम एका मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा थर क्षणात तापतो. तो फुगायला बघतो आणि भोवतालचा थंड धातू त्याला फुगू देत नाही. या ओढाताणीतून अल्ट्रासाउंड निघते. पहिला लेझर १९६० सालचा, आणि रिचर्ड व्हाइट यांनी अशा क्षणिक तापण्यातून लहरी कशा निर्माण होतात ते १९६३ मध्येच मांडले होते. झोत दंडगोल भिंगातून रेघेसारखा पाडला तर पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरी रेघेच्या दोन्ही बाजूंना काटकोनात जोराने निघतात. यांना रॅले लहरी म्हणतात. लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये त्यांचे गणित दिले. पोलादात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३००० मीटर असतो. १० मिलिमीटरवर भेग असेल तर तिच्यावर आपटलेली लहर साडेसहा मायक्रोसेकंदांच्या सुमारास परत येते.

खोली कळते ती अशी. रॅले लहर साधारण आपल्या एका तरंगलांबीएवढ्या थरात राहते. १ मेगाहर्ट्झला ही लांबी ३ मिलिमीटर, १० मेगाहर्ट्झला ०.३ मिलिमीटर. लेझरच्या एकाच ठोक्यात या सगळ्या वारंवारता एकत्र निघतात. अर्धा मिलिमीटर खोल भेग वाटेत आली तर वरच्या वारंवारता बहुतांशी तिथेच अडून मागे फिरतात आणि खालच्या बऱ्याचशा तिच्या तळाखालून पुढे निघून जातात. पलीकडे काय पोचले आणि अलीकडे काय परतले याचा हिशेब मांडला की खोलीचा अंदाज येतो. पाणी नको, जेल नको, प्रोब टेकवायला नको.

पृष्ठभागाची हालचाल टिपायला दुसरा लेझर वापरतात. ही हालचाल एखाद्या नॅनोमीटरची किंवा त्याहूनही कमी असते, म्हणून ती इंटरफेरोमीटरने, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून, मोजावी लागते. इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते मला फार आवडते. सी. व्ही. रामन १९१० मध्ये वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. पुढे १९३५-३६ मध्ये त्यांनी आणि नागेंद्र नाथ यांनी अल्ट्रासाउंडमधून जाणारा प्रकाश कसा विवर्तित होतो याचा सिद्धान्त मांडला. ध्वनीच्या साहाय्याने प्रकाशाची वारंवारता किंचित सरकवणारा भाग आज कितीतरी लेझर व्हायब्रोमीटरमध्ये (कंपन मोजणाऱ्या उपकरणांत) बसवलेला असतो. रमण विज्ञान केंद्रात येणाऱ्या शाळकरी मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

माझ्या मते या तंत्रातली सर्वांत उपयोगी रीत आहे ती लहर निर्माण करणारा झोतच पृष्ठभागावरून सरकवत नेण्याची. २००० सालच्या सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात यान आखेनबाख आणि श्रीधर कृष्णस्वामी यांच्या गटाने ती पुढे आणली. झोत भेगेपासून लांब असताना येणारा सिग्नल एकसारखा असतो. झोत भेगेच्या काठाशी आला की त्याचा जोर एकदम वाढतो, त्याचा आकार बदलतो, आणि भेग ओलांडली की तो पडतो. काठाशी तापलेल्या धातूला एका बाजूने आधार उरत नाही, आणि थेट निघालेली लहर भेगेवरून परतलेल्या लहरीत मिसळते, म्हणून असे घडते. परतलेला क्षीण प्रतिध्वनी शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी ठळक. तरंगलांबीहून लहान भेगासुद्धा या रीतीने सापडल्या आहेत.

आता मर्यादा, कारण विक्रेता त्या शेवटी सांगेल. खडबडीत पृष्ठभागावरून लेझरचा प्रकाश विखुरतो आणि मोजमाप गढूळ होते. त्यावर उपाय आहेत, ते महाग आहेत. टेकवलेल्या पिएझो प्रोबइतकी (कंपनाचे विजेत रूपांतर करणारा) संवेदनशीलता लेझरच्या ग्रहणात सहसा मिळत नाही. झोताची ताकद वाढवली तर धातूचा अगदी पातळ थर उडून जातो आणि डाग पडतो. ओतीव केसिंगवर तो चालेल, टर्बाइनच्या पात्यावर चालणार नाही. रंग असेल तर तो जळू शकतो. आणि डोळ्यांची सुरक्षा हा मोठा विषय आहे. १०६४ नॅनोमीटरचा झोत दिसत नाही, त्याचे परावर्तन दिसत नाही, आणि तो डोळ्याचा पडदा कायमचा जाळतो. बंदिस्त जागा, त्या तरंगलांबीचे चष्मे आणि दाराला इंटरलॉक नसेल तिथे हे उपकरण चालू करू देऊ नये.

म्हणजे डीपीची बाटली आणि मॅग्नेटिक पार्टिकलचा योक मॅग्नेट आपल्याबरोबर राहणारच आहेत. लेझर हवा तो भाग तापलेला, फिरता किंवा हात पोचणार नाही अशा जागी असेल तेव्हा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत विकसित झालेल्या यंत्रणेने अमेरिकेत टिमकेनच्या कारखान्यात लालभडक सीमलेस नळ्यांची जाडी चालू लाइनवर मोजून दाखवली. तिथे दुसरे काही टिकलेच नसते. आपल्याकडे तशा जागा कमी नाहीत. कोणत्याही औष्णिक केंद्रात हेडरच्या (वाफ गोळा करणाऱ्या जाड नळाच्या) छिद्रांमधल्या पट्ट्या तापमानाच्या चढउताराने तडकतात. रेल्वे रुळांच्या क्रॉसिंगसाठी वापरले जाणारे ओतीव मँगनीज पोलाद चुंबकाला दाद देत नाही, म्हणून मॅग्नेटिक पार्टिकल तिथे बाद, आणि त्याचे दाणे इतके मोठे की नेहमीची यूटीही अडखळते.

आता मूळ मुद्दा. ईडीएमने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्राने) कोरलेली खाच सरळ असते, उघडी असते, तिच्या दोन भिंतींमध्ये हवा असते. लहर तिच्यापर्यंत येते आणि परतते. चालत्या यंत्रात वाढलेली थकव्याची भेग तशी नसते. तिच्या दोन बाजू जागोजाग एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्या टेकलेल्या ठिकाणांहून लहर आरपार निघून जाते. गरम भागातल्या भेगेत ऑक्साइड भरलेले असते, तेही लहरीला वाट देते. ताण आणि गंज यांच्या जोडीने झालेल्या भेगेला फांद्या फुटलेल्या असतात. अशा भेगेवर उपकरण बहुधा खरी आहे त्यापेक्षा कमी खोली दाखवते. चूक धोक्याच्या बाजूची आहे, आणि खाचेवर उपकरणाचे कॅलिब्रेशन (मोजमाप जुळवणी) केलेल्या माणसाला ती कळतही नाही.

नागपूरच्या हवामानात हे आणखी तीव्र होते. लांब वेल्ड केलेल्या रुळाला लांबी-आखूडपणाची मोकळीक नसते, त्यामुळे तापमानाच्या दर अंशामागे त्याच्यात सुमारे २.४ मेगापास्कल ताण बदलतो. मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांत रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला तर हा बदल १२० मेगापास्कलच्या घरात जातो. उन्हाळ्यात रूळ दाबाखाली, आडवी भेग मिटलेली. हिवाळ्यात रूळ ताणाखाली, तीच भेग उघडलेली. एकाच भेगेचे दोन ऋतूंत दोन वेगळे सिग्नल. थंडीत पहाटे रूळ तपासत चालणाऱ्या ट्रॅकमनला रूळ कधी फुटतात ते पक्के ठाऊक आहे. आपल्या उपकरणाला ते शिकवायचे असेल तर खऱ्या भेगेचा रूळ दाबाखाली आणि ताणाखाली धरून त्यावर लेझर चालवून पाहावा लागेल. असा रूळ दुकानात मिळत नाही. तो फक्त तुमच्याकडे आहे.

किती तुकडे लागतील? तपासणीची पद्धत किती मोठी भेग किती खात्रीने पकडते हे ठरवण्यासाठी विमान क्षेत्रात जी अमेरिकी लष्करी मार्गदर्शिका वापरली जाते, ती हो-नाही उत्तर देणाऱ्या पद्धतीसाठी किमान ६० आणि मोजमाप देणाऱ्या पद्धतीसाठी किमान ४० दोषस्थाने सुचवते, तीही वेगवेगळ्या आकारांची. कोणत्याही एका कारखान्यात एकाच प्रकारच्या इतक्या भेगा जमणार नाहीत, आणि जमू नयेतच. पण कोराडी, खापरखेडा, मोतीबाग, अजनी, बुटीबोरी, हिंगणा, मिहान मिळून काही वर्षांत जमतील. म्हणून हे पत्र एका कंपनीला लिहिलेले नाही.

असा संग्रह करणे नवे नाही. लंडनमध्ये साउथवर्क स्ट्रीटवर डेव्हिड किर्काल्डी यांनी १८७४ मध्ये धातूंची चाचणीशाळा थाटली, तिच्या वरच्या मजल्यावर मोडलेल्या नमुन्यांचे संग्रहालय होते. १८७९ मध्ये टे नदीवरचा पूल कोसळला तेव्हा त्याच्या लोखंडाची चाचणी त्यांच्याकडेच आली. अलीकडचे उदाहरण मिहानमधल्या मंडळींना जवळचे वाटेल. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चे छत उड्डाणात उडाले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. रिव्हेटच्या रांगेतल्या बारीक भेगा एकमेकींना मिळाल्या होत्या. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला बाहेरून तडा दिसलाही होता. त्यानंतर अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने १९९१ मध्ये सँडिया प्रयोगशाळेत तपासणीच्या पद्धती पारखणारे केंद्र सुरू केले. तिथे दोष असलेल्या विमानभागांचा संग्रह आहे, आणि नवे उपकरण आले की त्याची परीक्षा त्या संग्रहावर होते.

आपल्याला इतके मोठे काही नको. व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेच्या धातुकर्म विभागात किंवा शासकीय तंत्रनिकेतनात एक कोरडी खोली, भक्कम रॅक आणि एक नोंदवही पुरे. सुरुवातीला लेझरचे ग्रहण करणारे महागडे उपकरणही नको. लहर लेझरने निर्माण करायची आणि साध्या टेकवलेल्या प्रोबने टिपायची, इथून एम.टेक.च्या मुलांचे काम सुरू होऊ शकते. आयआयटी मद्रासमध्ये विनाविध्वंस चाचणीचे केंद्र आहे, कल्पक्कमला अणुसंशोधन केंद्र आहे. त्यांच्याकडे उपकरणे आहेत; आपल्याकडे भेगा असतील तर बोलणे बरोबरीच्या नात्याने होईल.

तुकडा जपायचा म्हणजे काय, ते मात्र नीट सांगायला हवे, कारण इथे नकळत नुकसान होते. भेगेवर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर फिरवू नये. धातू ओढला जाऊन तोंड बुजते. सँडब्लास्टिंग करू नये. भाग मोठा असेल आणि कापावा लागला तर गॅस कटरची ज्योत भेगेपासून लांब ठेवावी, जमल्यास करवतीने कापावा, कारण उष्णतेने भेगेभोवतीचा ताण बदलतो आणि मग ती भेग मूळची राहत नाही. डीपी केलेली असेल तर रंग धुऊन, वाळवून, गंज धरणार नाही असे पातळ तेल लावून गुंडाळावा. भेग किती खोल आहे हे बघायला तो तोडू नये. मी एका कारखान्यात उत्तम तडा गेलेला फ्लँज हातोड्याने फोडलेला पाहिला आहे. फोडणाऱ्याला दोन मिनिटांत खोली कळली, आणि पुढे त्यावर कोणालाच काही मोजता आले नाही. तुकडे फोडायचेच असतात, पण सगळ्या पद्धतींनी तपासून झाल्यावर, द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून, म्हणजे जुनी भेग आणि नवी फूट वेगवेगळी दिसतात. लेझरने सांगितलेली खोली खरी होती का, याचा निकाल त्या दिवशी लागतो.

तुकड्याबरोबर कागद हवा. धातूची प्रत आणि हीट नंबर (कोणत्या वितळणीतला धातू त्याचा क्रमांक), किती तास चालला, किती तापमानाला आणि दाबाला, किती वेळा चालू-बंद झाला, भेग कुठे आणि कोणत्या दिशेला, कोणत्या पद्धतीने सापडली, फोटो. कागदाशिवाय आलेला तुकडाही घ्यावा, पण कागदासकट आलेला दहापट कामाचा.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. सरकारी केंद्रांत भंगाराची नोंद होते, त्याचा लिलाव होतो, एक फ्लँज कमी भरला तर लेखापरीक्षक विचारतो. त्यावर उपाय कागदी आहे: शैक्षणिक संस्थेला नमुना म्हणून देण्याची तरतूद एकदा मंजूर करून घ्या, मग प्रत्येक वेळी सही पुरते. खासगी कारखान्यांना भीती असते ती नावाची. तडा गेला म्हणजे आमचा माल वाईट, असे ग्राहक म्हणेल. ही भीती खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. म्हणून नोंदवहीत कंपनीचे नाव नको, फक्त क्रमांक असावा, आणि क्रमांकामागचे नाव संस्थेत एकाच अधिकाऱ्याकडे बंद राहावे. विमानाच्या भागांचे नियम आणखी कडक आहेत. नाकारलेला भाग पुन्हा वापरात येऊ नये म्हणून तो निकामी करावा लागतो. तो भेगेपासून लांब ठिकाणी कापून निकामी करता येईल.

आणि एक विनंती तपासनिसांच्या वतीने. संग्रह उभा राहिला तर तो फक्त संशोधकांचा होऊ देऊ नका. हिंगण्याच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमधल्या लेव्हल टू (दुसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र असलेल्या) तपासनिसाला, जो परीक्षेत नेहमी तीच ती खाच पाहून पास होतो, वर्षातून काही दिवस तिथे बसून खऱ्या भेगांवर हात बसवता यावा. त्याला शुल्क लावू नये.

येत्या हिवाळ्यातल्या देखभालीची यादी तुमच्या टेबलावर येईल तेव्हा तिच्यात एक रकाना वाढवा : 'तडा आढळल्यास भाग राखून ठेवणे'. पहिला भाग निघाला की त्यावर रंगाने लिहा, तेल लावा, आणि जवळच्या अभियांत्रिकी संस्थेच्या धातुकर्म किंवा यंत्र विभागाच्या प्रमुखांना कळवा. त्यांच्याकडे जागा होईपर्यंत तो तुमच्याच स्टोअरमध्ये, लिलावाच्या ढिगापासून वेगळा, कोरडा ठेवा.

आपला नम्र,
नागपुरातील एक निवृत्त एनडीटी तपासनीस